जुना रिसिव्हर गेला, आता कोणता घ्यावा?

‘बारा-तेरा वर्षांचा रिसिव्हर बंद पडलाय. स्पीकर ठणठणीत आहेत. चाळीस हजारांच्या आत कोणता घेऊ?’

हा प्रश्न बहुधा याच शब्दांत येतो आणि विचारणाऱ्याला उत्तरादाखल एक मॉडेल नंबर हवा असतो. तो सांगणं सोपं आहे, पण मॉडेलं सारखी बदलतात आणि सेलमध्ये किमती वर-खाली होतात. खरी अडचण वेगळीच आहे. २०१२च्या आसपास घेतलेला रिसिव्हर जी कामं करायचा, त्यातलं एक मोठं काम आता टीव्हीनेच अंगावर घेतलंय. नवा घेताना मात्र आपण ते काम पुन्हा विकत घेतो, तेही ‘आठ-के’, ‘अ‍ॅटमॉस’ असे नवे बिल्ले लावून. आपल्या घरात रिसिव्हरकडे उरलेलं काम किती, हे कळलं की बजेटची अर्धी चिंता मिटते.

१. ‘बंद पडला’ म्हणजे नेमकं काय झालं?

पैसे काढण्याआधी अर्धा तास जुन्या यंत्राला द्या. बटण दाबल्यावर आतून ‘टक्’ आवाज येतो, क्षणभर डिस्प्ले उजळतो, मग सगळं बंद होऊन लाल दिवा लुकलुकत राहतो, असं होत असेल तर रिसिव्हर मेलेला नसून त्याने स्वतःला वाचवलेलं असू शकतं. या अवस्थेला प्रोटेक्शन म्हणतात. स्पीकरच्या वायरीतला तांब्याचा एखादा तंतू सुटून शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी एवढं होतं. दिवाळीच्या साफसफाईत टीव्ही युनिट पुढे ओढलं आणि मग आवाज गेला, अशी हकीकत असेल तर आधी वायरी बघाव्यात.

प्लग काढा, मागच्या सगळ्या स्पीकर-वायरी सोडवा आणि रिसिव्हर नुसताच चालू करा. चालू राहिला, तर दोष एखाद्या वायरीत किंवा स्पीकरमध्ये आहे. दर वेळी बंद करून एकेक वायर जोडत गेलात की चोर सापडतो. वायरी नसतानाही बंद पडला, तर आतला अ‍ॅम्प्लिफायर किंवा पॉवर सप्लाय गेलाय. झाकण मात्र स्वतः उघडू नका. आतले मोठे कपॅसिटर, दुरुस्तीवाले ज्यांना कंडेन्सर म्हणतात, ते प्लग काढल्यावरही काही काळ जबर झटका देऊ शकतात.

दुसरं लक्षण जास्त फसवं. रिसिव्हर चालू होतो, एफएम रेडिओ लागतो, पण टीव्हीवर चित्र नाही आणि सेट-टॉप बॉक्सचा आवाजही नाही. इथे एचडीएमआयच्या बोर्डावर संशय घ्यावा. पावसाळ्यात जवळपास वीज कोसळली की डिशच्या किंवा केबलच्या तारेतून आलेला झटका सेट-टॉप बॉक्समार्गे या बोर्डापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून रिसिव्हर भंगारात काढायचं कारण नाही. बहुतेक टीव्हींच्या मागे ‘ऑप्टिकल’ लिहिलेलं लहानसं चौकोनी भोक असतं, तसंच जुन्या रिसिव्हरलाही असतं. सगळी उपकरणं थेट टीव्हीला जोडा आणि टीव्हीपासून रिसिव्हरपर्यंत एक ऑप्टिकल वायर टाका. तिच्यातून डॉल्बी डिजिटलचा ५.१ आवाज व्यवस्थित जातो. तुमचं काम एवढ्यावर भागलं, तर पुढची पानं वाचली नाहीत तरी चालेल.

उरले खरोखर बिघडलेले. रिले, फ्यूज, कंडेन्सर हे सुटे भाग स्वस्त असतात. अख्खा बोर्ड बदलायचा तर तो महाग पडतो, आणि दहा-बारा वर्षांनंतर बहुधा मिळतही नाही. माझा ठोकताळा असा: दुरुस्तीचा अंदाज नव्याच्या किमतीच्या एक तृतीयांशापुढे गेला की थांबावं.

थांबण्याआधी तो कशाने गेला हेही पाहून घ्यावं. काचेच्या दाराचं शोकेस, त्यात कोंबलेला रिसिव्हर, वर सेट-टॉप बॉक्स आणि त्यावर क्रोशाचा रुमाल, हे दृश्य आपल्याकडे घरोघरी दिसतं. तापमान १० अंशांनी वाढलं की कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. नवा रिसिव्हर त्याच खोपटात जाणार असेल, तर त्याची गतही तीच. वर निदान दहा सेंटिमीटर मोकळी जागा आणि पाठीमागून हवा, इतकं तरी त्याला हवंच.

२. रिसिव्हर करतो तरी काय?

पाच कामं. सेट-टॉप बॉक्स, स्ट्रीमिंग स्टिक, गेमचं यंत्र यांपैकी कोणाचा आवाज लावायचा ते निवडणं, हे पहिलं. दाबून भरलेला डिजिटल आवाज उलगडून त्याचे सहा प्रवाह वेगळे करणं, हे दुसरं: पुढचा डावा आणि उजवा, मधला, मागचे दोन, आणि घुमणाऱ्या खालच्या आवाजाचा सहावा. यालाच ५.१ म्हणतात, शेवटचा ‘१’ सबवूफरचा. तिसरं काम डिजिटल आकड्यांच्या विद्युतलहरी करणं. चौथं, खोली आणि स्पीकर पाहून त्या लहरींत फेरफार करणं. पाचवं, त्यांना स्पीकर हलवण्याइतकी ताकद देणं.

यातलं पहिलं काम टीव्हीकडे गेलंय. त्याचं कारण २००९ साली आलेल्या एचडीएमआय १.४मध्ये आहे. तोवर एचडीएमआयच्या वायरीतून चित्र आणि आवाज टीव्हीकडे फक्त जात असत. १.४मध्ये ‘ऑडिओ रिटर्न चॅनेल’, म्हणजे एआरसी आला आणि त्याच वायरीतून टीव्हीचा आवाज उलटा रिसिव्हरकडे येऊ लागला. म्हणजे सगळी उपकरणं टीव्हीला जोडायची आणि टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या सॉकेटपासून रिसिव्हरपर्यंत एकच वायर न्यायची. चित्र रिसिव्हरमधून जातच नाही, त्यामुळे रिसिव्हर चार-के आहे की आठ-के, याने काही फरक पडत नाही. टीव्हीच्या रिमोटने रिसिव्हरचा आवाज कमी-जास्त होतो, तो घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी मोठाच फायदा.

३. तुमचा जुना संच कोणत्या जातीचा?

इथे बरेच जण फसतात, म्हणून मॉडेल निवडण्याआधी हा भाग. आपल्याकडे २००५ ते २०१५च्या दरम्यान ज्याला ‘होम थिएटर’ म्हणून घरी आणलं गेलं, तो पुष्कळदा एका खोक्यातला संच असे: डीव्हीडी प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकत्र, पाच लहान स्पीकर, एक सबवूफर. दुसरा प्रकार म्हणजे सुटा रिसिव्हर आणि सुटे स्पीकर. दुसऱ्या प्रकारात नुसता रिसिव्हर बदलता येतो. पहिल्या प्रकारात बहुधा येत नाही.

ओळखायचं कसं? सबवूफर पाहा. त्याची स्वतःची वायर भिंतीतल्या सॉकेटला जात असेल तर तो अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे त्याचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या पोटात. त्याला फक्त स्पीकरची वायर येत असेल तर तो पॅसिव्ह. खोक्यातल्या संचांचे सबवूफर बहुतेक पॅसिव्ह असतात, आणि बाजारातले सुटे रिसिव्हर मात्र सबवूफरला नुसता सिग्नल देतात, ताकद देत नाहीत. तो जुना वूफर नव्या रिसिव्हरला जोडला तर मुका बसेल.

मग स्पीकरच्या पाठीवरचा ओमचा आकडा पाहा. ओम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप. आकडा लहान तितका तो अ‍ॅम्प्लिफायरकडून जास्त करंट ओढतो. सुटे रिसिव्हर ६ किंवा ८ ओम धरून बनवतात. खोक्यातल्या पुष्कळ संचांचे स्पीकर ३ किंवा ४ ओमचे असतात. ३ ओमचे पाच स्पीकर लावून आवाज चढवला की रिसिव्हर तापणार आणि प्रोटेक्शनमध्ये जाणार. काही संचांच्या वायरींना कंपनीने स्वतःच्याच घाटाचे रंगीत प्लग लावलेले असतात, ते कापावे लागतात ते वेगळंच.

संच या जातीचा निघाला तर चाळीस हजारांचा रिसिव्हर घेऊन त्याला हे स्पीकर लावू नका. त्याच पैशांत एचडीएमआय एआरसी असलेला साधा दोन चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बरे स्पीकर घेतले तर गाणी आणि संवाद दोन्ही जुन्या सहा डब्यांपेक्षा चांगले वाजतील. मागून येणारं हेलिकॉप्टर हुकेल, एवढंच. पुढचा मजकूर सुटे स्पीकर आणि अ‍ॅक्टिव्ह सबवूफर असलेल्यांसाठी.

४. वॅटचे आकडे

रिसिव्हरच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला आकडा सगळ्यात कमी कामाचा. आधी एक हिशेब करू.

स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘८८ डेसिबल’ असं काही लिहिलेलं असतं. अर्थ असा की १ वॅट दिला तर १ मीटरवर ८८ डेसिबल आवाज येतो. सोफा ३ मीटरवर आहे असं धरू. नेहमीच्या हॉलमध्ये तिथे साधारण ८० डेसिबल पोहोचतील. घरात सिनेमातले संवाद ७० डेसिबलच्या आसपास असले तरी भरपूर होतात. म्हणजे १० डेसिबल कमी पुरतात. १० डेसिबल कमी म्हणजे दहावा भाग ताकद. थोडक्यात, तुमचा नायक बोलत असतो तेव्हा स्पीकरला जातो फक्त ०.१ वॅट.

स्फोट होतो तेव्हा आवाज संवादांपेक्षा क्षणभर २० डेसिबल वर जातो असं धरा. २० डेसिबल म्हणजे शंभरपट ताकद: १० वॅट. कोणी हौशी असेल आणि सगळंच आणखी ५ डेसिबल चढवेल, तर ३० वॅटच्या आसपास. तेवढ्या आवाजात खालच्या मजल्यावरचे वर येतात.

शिवाय वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. म्हणून ७० वॅटचा आणि ९० वॅटचा रिसिव्हर यांतला फरक सुमारे एका डेसिबलचा. त्यासाठी पाच हजार जास्त मोजू नयेत.

छापलेला आकडा खरा असतो का? आकड्याच्या खालची बारीक अक्षरं वाचा. ‘८ ओम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के विकृती, दोन चॅनेल चालू’ असं लिहिलं असेल तर तो प्रामाणिक आकडा. कानाला ऐकू येणाऱ्या सगळ्या पट्ट्यात, जवळजवळ शुद्ध आवाजात मोजलेला. ‘६ ओम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, एक चॅनेल’ असं असेल, तर त्याच यंत्राचा आकडा सहज दीड-दोनपट फुगतो. १० टक्के विकृती म्हणजे आवाज फाटलेला. अमेरिकेत असल्या फुगवाफुगवीला आळा घालण्यासाठी १९७४मध्ये सरकारी नियम करावा लागला होता. आपल्याकडे काही खोक्यांवर ‘पीएमपीओ’ असं लिहून हजारांत वॅट छापतात. त्या आकड्याला मोजमापाचा कुठलाच सर्वमान्य आधार नाही, तो वाचूच नये.

आणखी एक मेख. दोन चॅनेलना ८० वॅट देणारा रिसिव्हर पाचही चॅनेलना एकाच वेळी ८० वॅट देत नाही, कारण सगळ्यांना पुरवठा एकाच पॉवर सप्लायमधून होतो. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचं तसंच असतं: दुपारी एकट्याने नळ सोडला की धो धो पाणी, सकाळी सात वाजता सगळ्यांनी सोडले की करंगळीएवढी धार. पण सिनेमात पाचही स्पीकर एकदम पूर्ण ताकदीने कधीतरीच ओरडतात. खालचा जड आवाज तर अ‍ॅक्टिव्ह सबवूफरच सांभाळतो. त्यामुळे हॉल मध्यम असेल तर ‘दोन चॅनेल चालू’ या मापाने ६०-७० वॅट असलेला साधा रिसिव्हर निर्धास्त घ्यावा. हॉल फार मोठा असेल, किंवा स्पीकर ८४-८५ डेसिबलचे आणि ४ ओमचे असतील, तरच वरच्या वर्गाचा विचार करावा.

५. एचडीएमआयची आवृत्ती कोणाला लागते?

एचडीएमआय २.० ही आवृत्ती २०१३ची. सेकंदाला १८ गिगाबिट माहिती वाहते, चार-के चित्राला पुरते. २.१ ही २०१७ची, ४८ गिगाबिटपर्यंत; आठ-के चित्र आणि सेकंदाला १२० चौकटींचं चार-के चित्र तिच्यासाठी. दुकानात ‘फ्युचर प्रूफ’ म्हणून जो जास्तीचा पैसा मागतात तो मुख्यतः या २.१चा.

तो कोणी द्यावा? ज्यांच्याकडे नवं गेमिंग यंत्र आहे, ज्यांच्या टीव्हीला १२० हर्ट्झचं एकच सॉकेट आहे आणि तेही एआरसीतच गुंतलंय, अशा थोड्यांनी. बाकीच्यांनी चित्र टीव्हीकडे आणि आवाज रिसिव्हरकडे ही वाटणी करून मोकळं व्हावं. २०२०मध्ये या बाबतीत एक गंमत झाली. डेनॉन, मरांझ आणि यामाहा यांच्या नव्याकोऱ्या २.१वाल्या रिसिव्हरांत बसवलेल्या चिपमध्येच दोष निघाला. नव्या एक्सबॉक्सचं १२० चौकटींचं चित्र रिसिव्हरमधून नेलं की पडदा काळा. पुढे डेनॉन-मरांझवाल्यांनी ग्राहकांना एक जोड-डबी फुकट दिली, यामाहाने बोर्ड बदलून द्यायची तयारी दाखवली. ज्यांनी एक्सबॉक्स थेट टीव्हीला जोडला होता त्यांना यातलं काही कळलंही नाही.

आता ‘ई-एआरसी’. साध्या एआरसीच्या वाटेने सेकंदाला साधारण एक मेगाबिट आवाज येतो, ई-एआरसीने ३७. फरक प्रचंड दिसतो, पण त्या वाटेने जाणार काय आहे ते पाहा. नेटफ्लिक्सवरचा अ‍ॅटमॉस आवाज सेकंदाला ७६८ किलोबिटचा, म्हणजे पाऊण मेगाबिट. तो साध्या एआरसीत मावतो. ई-एआरसीची खरी गरज ब्ल्यू-रेच्या तबकडीवरचा, काहीही न गाळता साठवलेला आवाज टीव्हीमार्गे आणायचा असेल तेव्हा. घरात ब्ल्यू-रे प्लेअर नसेल तर हा बिल्ला नसला तरी चालतो. आजकाल तो बहुतेक रिसिव्हरांत फुकटच मिळतो, ती गोष्ट निराळी.

टीव्ही जुना असेल आणि त्याला एआरसी नसेलच, तर पुन्हा ऑप्टिकल. म्हणून नव्या रिसिव्हरला ऑप्टिकलचं एक तरी सॉकेट असावं, ही अट मी कधी सोडत नाही.

६. पाच चॅनेल की सात?

सात चॅनेलचा रिसिव्हर दोन प्रकारे वापरता येतो: सोफ्याच्या मागे आणखी दोन स्पीकर, किंवा डॉल्बी अ‍ॅटमॉससाठी वर दोन. आपल्या फ्लॅटांत सोफा भिंतीला टेकलेला असतो, त्यामुळे पहिला प्रकार तिथेच बाद. अ‍ॅटमॉस चित्रपटगृहात २०१२ साली ‘ब्रेव्ह’ या सिनेमाबरोबर आला आणि घरच्या यंत्रांत २०१४मध्ये. डोक्यावरून पाऊस पडल्याचा भास होतो तो खराच सुखाचा, पण त्यासाठी छतात स्पीकर हवेत, किंवा आवाज छतावर आपटून खाली पाठवणारे हवेत. दुसऱ्यांना सपाट, मोकळं छत लागतं. आपल्या छताच्या मधोमध पंखा, एका बाजूला तुळई आणि कडेने फॉल्स सीलिंगचा कट्टा. भाड्याच्या घरात तर स्लॅबला भोकं पाडायचा प्रश्नच येत नाही. वरचे स्पीकर येत्या दोन वर्षांत नक्की लागणार असतील तर सात घ्या. ‘पुढेमागे लावू’ म्हणत असाल तर पाच.

७. सोबत येणारा माइक

रिसिव्हरच्या खोक्यात वायर लावलेला एक लहानसा माइक असतो आणि तो पुष्कळ घरांत प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही येत नाही. माझ्या मते चाळीस हजारांतला सगळ्यात मोलाचा भाग तो. सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवला की रिसिव्हर प्रत्येक स्पीकरमधून सूर सोडतो, माइकने ऐकतो, आणि कोणता स्पीकर किती लांब आहे, कोणाचा आवाज जास्त आहे, खोलीमुळे कोणता सूर फुगतोय ते मोजून दुरुस्त करतो. डेनॉन-मरांझमध्ये या सोयीचं नाव ऑडिसी, यामाहात वायपीएओ. आपल्या हॉलमध्ये खाली लादी किंवा मार्बल, भिंती उघड्या; आवाज सगळीकडून आपटून येतो, त्यामुळे इथे या दुरुस्तीची गरज गालिचेवाल्या घरांपेक्षा जास्तच. स्वस्त मॉडेलांत माइक एकाच जागी ठेवून मोजणी होते, जरा वरच्यांत सहा-आठ जागी. दोन मॉडेलांत निवड करायची वेळ आली तर वॅट सोडून हे विचारा.

मोजणीच्या वेळी पंखा बंद हवा आणि कुकर गॅसवर नको. एक शिट्टी झाली की सगळं पुन्हा.

८. चाळीस हजारांचा हिशेब

एक घर कल्पून पाहू. ठाण्यातला टू-बीएचके, हॉल ११ बाय १६ फूट, एआरसी असलेला चार-के टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि एक स्टिक. स्पीकर पाच, ८ ओमचे, सबवूफर अ‍ॅक्टिव्ह. ब्ल्यू-रे नाही, गेम नाही. या घराला लागतं ते एवढंच: पाच चॅनेल, एआरसी, सबवूफरचं सॉकेट, माइक, फोनवरून गाणी लावायला ब्ल्यूटूथ. सात चॅनेल, आठ-के, वायफाय, दुसऱ्या खोलीत वेगळं गाणं लावायची सोय, यातलं काही लागत नाही.

समजा, पाच चॅनेलचा साधा रिसिव्हर तीस हजारांना आणि सात चॅनेलचा बेचाळीसला मिळतोय. बहुतेक लोक दोन हजार पदरचे घालून सातवाला उचलतात. मी तीसवाला घेईन आणि उरलेल्या दहांतले सात-आठ हजार मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरवर घालेन. सिनेमातले जवळपास सगळे संवाद तोच बोलतो, आणि जुन्या संचात नेमका तोच सगळ्यात किरकोळ असतो. ‘गाण्यात भिंती हलतात आणि बोलणं मात्र कळत नाही’ ही तक्रार रिसिव्हर बदलून जात नाही, सेंटर बदलून जाते. तो पुढच्या दोन स्पीकरांच्याच कंपनीचा, जमलं तर त्याच मालिकेतला असावा. नाहीतर पडद्यावरचं पात्र डावीकडून उजवीकडे चालताना मध्येच त्याचा गळा बदलतो. उरलेले दोन हजार अस्सल तांब्याच्या स्पीकर-वायरीला आणि चांगल्या स्पाइक गार्डला. वायर घेताना टोक खरवडून पाहा: आत पांढरट धातू दिसला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. आणि घरात अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्ड नावापुरताच.

मागच्या वर्षीचं मॉडेल सवलतीत मिळालं तर बिनदिक्कत घ्या. अ‍ॅम्प्लिफायरचं तंत्र वर्षभरात शिळं होत नाही. कंपनी कोणती, यापेक्षा तिचं सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात आहे का, याची चौकशी जास्त करा. नावं टिकतात, मालक बदलतात: जपानच्या ऑन्क्योची मूळ कंपनी २०२२मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ते नाव दुसऱ्यांनी चालवायला घेतलं, डेनॉन आणि मरांझ २०२२मध्ये एकाकडे गेले, २०२५मध्ये हरमनकडे. पुण्याच्या तपकीर गल्लीतला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा जुना दुकानदार कोणाचे सुटे भाग मिळतात आणि कोणाचे नाहीत ते फुकट सांगतो. ते ऐकून घ्यावं.

९. वापरलेला, किंवा अमेरिकेतून आलेला

टीव्हीने निवडीचं काम घेतल्यामुळे पाच-सात वर्षं वापरलेला वरच्या वर्गाचा रिसिव्हर आज फायद्याचा सौदा ठरू शकतो. अट एवढीच की तो चालू अवस्थेत, तास-दीड तास वाजवून पाहता आला पाहिजे. प्रत्येक चॅनेलला स्पीकर लावून पाहा, प्रत्येक सॉकेट तपासा, आवाजाची कळ फिरवताना खरखर येते का ऐका, झाकणाच्या जाळीतून जळका वास येतो का पाहा. माइक आणि रिमोट मागून घ्या. कुठलाही दुसरा माइक लावून मोजणी बरोबर येत नाही. कोकणपट्टीत वापरलेला असेल तर मागच्या सॉकेटांवर हिरवट गंज चढलाय का, ते बघायला विसरू नका.

आणि न्यू जर्सीचा भाचा ‘इथे निम्म्या किमतीत मिळतो, आणू का मामा?’ असं विचारत असेल, तर त्याला प्रेमाने नाही म्हणा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. तिथला रिसिव्हर आपल्या सॉकेटला थेट लावला तर त्या क्षणी संपला. मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर टाकता येतो, पण तो चांगल्या क्षमतेचा घेतला तर जड आणि महाग, हलका घेतला तर तापणार. वर वॉरंटी इथे चालत नाही ते आहेच. दुबईहून किंवा लंडनहून येणाऱ्याला व्होल्टेजची अडचण नाही, फक्त प्लग बदलावा लागतो.

१०. घरी आणल्यावर

माइकने मोजणी झाल्यावर सेटिंगमध्ये एकदा डोकावा. लहान स्पीकरही कधी कधी ‘लार्ज’ म्हणून नोंदले जातात. ते ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा, म्हणजे त्याखालचा जड आवाज सबवूफरकडे जाईल आणि रिसिव्हरवरचा भार उतरेल. संवाद अजून दबलेले वाटले तर सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबल चढवा. रात्री घरचे झोपल्यावर बघायचं असेल तर ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ नावाची सोय सुरू करा. स्फोट दबतात, कुजबुज उठते.

मग टीव्हीकडे वळा. बऱ्याच टीव्हींत आवाजाची निवड आधीपासून ‘पीसीएम’वर असते, आणि तशीच राहिली तर एआरसीमधून फक्त दोन चॅनेल येतात. ती बदलून ‘पास-थ्रू’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ करा, सीईसी, म्हणजे टीव्हीच्या रिमोटने रिसिव्हर चालवू देणारी सोय, चालू ठेवा, आणि एखादा ५.१ आवाजाचा सिनेमा लावून रिसिव्हरच्या डिस्प्लेवर काय लिहून येतं ते वाचा. ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘डॉल्बी डिजिटल प्लस’ दिसलं तर पाचही स्पीकर त्यांचं त्यांचं काम करताहेत. ‘स्टीरिओ’ दिसत असेल तर दुकानदाराला फोन करण्याआधी टीव्हीचा मेनू पुन्हा उघडा.